ब्रिटानियाचे पुण्यदप्तर

राक्षसाचा वध करावा, खजिना लुटावा, राजाकडून बक्षीस घ्यावे आणि पुढच्या राक्षसाच्या शोधात निघावे, हा संगणकावरील भूमिका-खेळांचा क्रम १९८५ पर्यंत इतका रूढ झाला होता की, त्या वर्षीच्या सप्टेंबरात अमेरिकेच्या बाजारात ‘अल्टिमा ४ : क्वेस्ट ऑफ द अवतार’ नावाचा जो खेळ आला, त्यात अखेरीस मारावयाचा असा कोणी महाराक्षसच नाही हे पाहून पुष्कळ खेळाडू प्रथम गोंधळले असल्यास नवल नाही. खेळणाऱ्याने आठ सद्गुण अंगी बाणवावे, त्यांच्या बळावर एका भयंकर विवराच्या तळाशी असलेल्या ज्ञानग्रंथापर्यंत पोहोचावे आणि तेथे विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यावे, एवढाच त्याचा कथाभाग. ‘कॉम्प्युटर गेमिंग वर्ल्ड’ या मासिकाने १९९६ साली सर्वकाळच्या उत्तम खेळांची यादी केली, तेव्हा ‘सिव्हिलायझेशन’च्या खालोखाल दुसरे स्थान या खेळास दिले. हा मान यथायोग्य होता याविषयी मला शंका नाही. परंतु या खेळाने मुलांना नीती शिकविली, असे जे त्याच्या गौरवाचे कारण नेहमी सांगितले जाते, ते मला पटत नाही. नीतीचे दप्तर ठेवणारा आणि ते खेळाडूच्या दृष्टीआड ठेवणारा तो पहिला मोठा खेळ होता. त्याचा सारा पराक्रम या लपवून ठेवलेल्या दप्तरात आहे, आणि त्याचा सारा लंगडेपणाही तेथेच सापडतो.

वस्तुतः या व्यवसायाचे मूळच हिशेबात आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळावयाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगे, बाकीचे त्या गोष्टीतील पात्रे होत, आणि कोणाच्या अंगी किती बळ, कोणाला किती घाव बसले, कोणाच्या पदरी किती अनुभव जमा झाला, हे सर्व आकड्यांत लिहून ठेवले जाई. विद्यापीठांतील मोठ्या संगणकांवर बसणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा खेळ यंत्रावर उतरविला, तेव्हा यंत्राला त्यातील आकडे तेवढे उचलता आले. सूत्रधाराची विनोदबुद्धी, प्रसंगावधान आणि तारतम्य ही मागेच राहिली. १९८१ च्या ‘विझर्ड्री’पर्यंत जे खेळ निघाले, त्यांत मारलेल्या जिवांची बेरीज म्हणजेच पराक्रम, असे समीकरण ठरून गेले होते. त्याच वर्षीच्या पहिल्या ‘अल्टिमा’त राजकन्येला कैदेतून सोडवावयाचे तर राजवाड्यातील विदूषकाला ठार करून त्याच्याजवळची किल्ली काढून घ्यावी लागे, आणि तसे करणारा वीरच ठरे! त्या बिचाऱ्या विदूषकाच्या वतीने पुढे चौथ्या भागात फिर्याद गुदरली गेली, असे म्हणावयास हरकत नाही.

या मालिकेचा कर्ता रिचर्ड गॅरियट हा एका अंतराळवीराचा मुलगा. त्याचे वडील ओवेन गॅरियट १९७३ साली ‘स्कायलॅब’ या अंतराळस्थानकात राहून आले होते, आणि मुलगा पुढे २००८ मध्ये स्वखर्चाने अंतराळात जाऊन आला. टेक्सासमधील शाळेत असताना, कागदावर ठोकळेबाज अक्षरे उमटविणाऱ्या टेलिटाइप यंत्रावर त्याने एकामागून एक अठ्ठावीस खेळ रचले, आणि उन्हाळ्याच्या सुटीत संगणकाच्या एका दुकानात नोकरी करीत असता त्याने लिहिलेला ‘अकालाबेथ’ हा खेळ प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून त्याच दुकानाच्या भिंतीवर विक्रीस टांगला. पुढे कॅलिफोर्नियातील एका प्रकाशकाने तो उचलला. १९८१, ८२ आणि ८३ अशा लागोपाठ वर्षी ‘अल्टिमा’चे तीन भाग निघाले, आणि तिसऱ्याच्या वेळी गॅरियटने भाऊ, वडील आणि एक मित्र यांच्यासह ‘ओरिजिन सिस्टिम्स’ ही स्वतःची संस्था काढली.

कंपनी घरची झाल्यामुळे जी एक लहानशी गोष्ट घडली, तिच्यातून चौथा भाग जन्मास आला. खेळाडूंची पत्रे आता थेट कर्त्याच्या हाती पडू लागली. तोवर त्याची अशी कल्पना होती की आपण वीरांच्या गोष्टी लिहितो आणि मुले वीर होऊन त्या खेळतात. पत्रांतून निराळाच मामला उघड झाला: मुले दुकाने लुटीत होती, गावकऱ्यांची कत्तल करीत होती, कारण तसे केल्याने सामर्थ्य लवकर वाढे आणि खेळ लवकर सुटे. दुसरीकडे, तिसऱ्या भागाच्या वेष्टनावरील शिंगे असलेल्या सैतानाचे चित्र पाहून हा लेखक पोरांना सैतानाच्या नादी लावतो अशी धर्मभीरू पालकांची ओरड होती. लोकांच्या वागण्याला आपला खेळ जबाबदार आहे किंवा कसे, हा प्रश्न त्या तरुणास तेव्हा पहिल्याने पडला.

उत्तराचा धागा त्याला, आपल्याला कौतुक वाटावे अशा ठिकाणी मिळाला. हिंदू अवतारांविषयीचा एक कार्यक्रम त्याने दूरचित्रवाणीवर पाहिला आणि अवताराच्या अंगी सोळा गुण असावे लागतात, हे त्यातले वाक्य त्याच्या मनात राहिले. मराठी वाचकाला येथे श्रीकृष्णाच्या सोळा कला आठवतील. गॅरियटने मात्र पुढे पुराणे चाळण्याच्या भानगडीत न पडता सोळाचे आठ केले आणि त्यांची मांडणी सत्य, प्रेम आणि धैर्य या तीन तत्त्वांवर केली. या तिन्हींचे मूळ ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ या त्याच्या आवडत्या चित्रपटातील बुजगावणे, पत्र्याचा माणूस आणि सिंह यांच्यातही आहे. सत्यातून प्रामाणिकपणा, प्रेमातून करुणा, धैर्यातून शौर्य. सत्य-प्रेमातून न्याय, प्रेम-धैर्यातून त्याग, सत्य-धैर्यातून इमान. तिन्ही एकत्र आली की अध्यात्म. येथवर गणित सुरेख जुळते. आठवा गुण विनय, आणि तो कशातून यावा हे काही केल्या बसेना, तेव्हा तिन्ही तत्त्वांचा अभाव म्हणजे गर्व, आणि गर्वाच्या उलट तो विनय, अशी ओढाताण करावी लागली. आमच्याकडील एखाद्या नैयायिकाने ही व्याख्या पाहिली असती तर कर्त्याला दुसऱ्या खोलीत नेऊन बसविले असते. आणखी एक अंतर असे की, आपल्या पुराणांत परमेश्वर अवतार घेतो, येथे सामान्य मनुष्य साधनेने अवतारपदास चढतो. ही कल्पना अवतारवादापेक्षा सिद्धपुरुषाच्या कल्पनेला अधिक जवळची आहे.

खोक्यात तबकडीबरोबर कापडावर छापलेला ब्रिटानिया देशाचा नकाशा, इजिप्शियन आंख चिन्हाचा धातूचा छोटा ताईत, देशाच्या इतिहासाची एक पोथी आणि मंत्रविद्येची दुसरी पोथी, असा सरंजाम असे. खेळ सुरू होतो तो जत्रेतील एका जिप्सी स्त्रीच्या गाडीत. ती खेळाडूपुढे दोन दोन पत्ते टाकते आणि प्रत्येक जोडीबरोबर एक पेच घालते: धन्याची ठेव तुमच्यापाशी आहे आणि वाटेत भुकेला भिकारी भेटला, ठेव जशीच्या तशी पोहोचती कराल, की त्यातले नाणे भिकाऱ्याला द्याल? आठ गुणांच्या जोड्या अठ्ठावीस होतात. त्यांतले सात पेच विचारले जातात, आणि सातव्याच्या शेवटी जो गुण टिकून राहिला असेल त्यावरून खेळाडूचा व्यवसाय आणि गाव ठरते. शौर्य टिकले तर जेलमचा लढवय्या, प्रामाणिकपणा टिकला तर मूनग्लोचा मांत्रिक. आणि विनय टिकला तर मेंढपाळ. हा मेंढपाळ सर्वांहून दुबळा, आणि त्याचे गाव मॅजिन्सिया तर पूर्वी गर्वापायी उद्ध्वस्त झालेले, केवळ पडक्या भिंती आणि भुते शिल्लक असलेले. विनयाचे फळ म्हणून कर्त्याने खेळाडूला उघड्यावर सोडावे, यातला रुक्ष विनोद मला फार आवडतो.

त्यानंतर खेळाडूला एक मोठा मुलूख मोकळा मिळतो. रस्त्यांत, गढ्यांत, बंदरांत लोक भेटतात आणि त्यांच्याशी शब्द टंकित करून बोलावे लागते: नाव, काम, प्रकृती, आणि मग त्यांच्याच उत्तरातील एखादा शब्द उचलून पुढचा प्रश्न. कोणी अर्धी खूण सांगतो, उरलेली अर्धी समुद्रापलीकडच्या गावातील एखाद्याला ठाऊक असते. या खुणा टिपून ठेवण्यासाठी मुलांनी वह्या घातल्या. मंत्रासाठी लागणारी दोन दुर्मीळ द्रव्ये कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. आकाशातील दोन्ही चंद्रांची अमावास्या साधून विशिष्ट जागीच ती शोधावी लागतात. अध्यात्माच्या मंदिरात जपावयाचा मंत्र तर ‘ओम्’ आहे. आपल्याकडे त्या वर्षी संगणक हा मुख्यतः बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि व्यवस्थापन यांच्यातील झगड्याचा विषय होता, आणि तिकडे टेक्सासच्या एका मुलाने त्याच यंत्रात प्रणवाचा जप बसविला होता!

परंतु दप्तराची गोष्ट निराळी काढून पाहिली पाहिजे. जडीबुटीचे एक दुकान घ्या. दुकानदारीण आंधळी आहे. काय हवे, किती हवे ते विचारते, किंमत सांगते, आणि मग पडद्यावर केवळ ‘तुम्ही देता’ अशा अर्थाचे शब्द येऊन पुढे जागा कोरी राहते. तेथे सांगितलेली रक्कम लिहावी, किंवा एक नाणे लिहावे. एक लिहिले तरी ती आभार मानते आणि माल देते. घंटा वाजत नाही, शिपाई धावत नाही, पडद्यावरचा एकही आकडा तुमच्या विरुद्ध हलत नाही. पूर्वीच्या तिन्ही भागांत तयार झालेला खेळाडू अशा वेळी मनात हसून एक नाणे टाकतो आणि निघतो. आठवड्याभराने तो राजवाड्यात हॉकविंड नावाच्या ज्ञात्यापुढे उभा राहून प्रामाणिकपणाविषयी विचारतो, तेव्हा त्याला कळते की कोणीतरी सगळे लिहून ठेवीत होते. ही टिपणे कोठे कोठे होतात? दुष्ट प्राण्यापुढून पळ काढला की शौर्य घटते. उलट साप किंवा उंदीर यांसारखा निरुपद्रवी जीव जीव घेऊन पळत असता त्याचा पाठलाग केला तर करुणा घटते. गावातील दुसऱ्याची पेटी उघडली तर एकदम तीन गुणांना चाट बसते. वैद्याच्या घरी रक्तदान करावे तर अंगातील शंभर बिंदू शक्ती जाते आणि त्यागाच्या खाती रक्कम पडते. बोलताना कोणी सहज विचारतो की तू सर्वांत मोठा योद्धा का रे, आणि खेळाडू ‘होय’ म्हणून मोकळा होतो. विनय तेथेच खचला.

नियम कोठे छापलेले नसल्यामुळे खेळाडू सर्वच व्यवहारांत जपून वागू लागला. माहितगार म्हणतात की येथे नीती शिकविली. मी म्हणेन की येथे एक प्रकारची धास्ती निर्माण केली गेली, आणि ती फार उपयोगी, सुपीक अशी धास्ती होती. चित्रगुप्ताची वही प्रत्यक्ष कोणी पाहिलेली नाही, म्हणूनच तिचा वचक आहे. ती जर तलाठ्याच्या चावडीवर पाहावयास मिळाली असती, तर लोकांनी तिच्यातील जमेच्या बाजू हेरून तेवढेच पुण्य केले असते.

दुर्दैवाने ही वही फार दिवस झाकलेली राहिली नाही. प्रत्येक गुणाचे खाते साधारण पन्नासापासून सुरू होते, नव्याण्णवावर पोहोचले की मंदिरातील ध्यानाने तो गुण सिद्ध होतो, भिकाऱ्याला एक नाणे दिले काय किंवा शंभर दिली काय, करुणेच्या खाती जमा तेवढीच होते, हे एकदा कळले की सारा खेळ वसुलीचा होऊन बसतो. मग माणूस वैद्याकडे रक्त द्यावयास जातो ते कोणाच्या प्राणासाठी नव्हे, आकडा भरावयाचा आहे म्हणून. आणि येथेच खेळाच्या रचनेतील खरा दोष उघडा पडतो. जिप्सीच्या गाडीत दोन गुण एकमेकांविरुद्ध उभे होते. तेथे धर्मसंकट होते. ब्रिटानियाच्या अफाट मुलखात मात्र ते पुन्हा कोठेच भेटत नाही. प्रामाणिकपणा कोठेही करुणेच्या आड येत नाही, न्यायासाठी कोठे त्याग करावा लागत नाही. आठही खाती स्वतंत्रपणे, बिनबोभाट भरता येतात. पहिल्या दहा मिनिटांत जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर देण्याचे टाळून उरलेला संपूर्ण खेळ रचलेला आहे, असे म्हटले तर ते अन्यायाचे होईल असे मला वाटत नाही.

बाकीचे दोष त्या काळाचे आणि त्या यंत्रांचे. सात गुणांच्या सात गावांतून सात सोबती मिळवावे लागतात, आणि आठ जण झाल्यावर प्रत्येक चकमक अकरा बाय अकरा घरांच्या पटावर, एकेकाची चाल स्वतंत्र चालवून लढावी लागते. समोर सोळा सोळा प्राणी उभे असले की कंटाळ्याला पारावार राहत नाही. सोबतीला येण्यापूर्वी हे लोक चांगले बोलके असतात; एकदा पथकात आले की जन्माचे मुके होतात. मंत्राची प्रत्येक मात्रा द्रव्ये निवडून आधी तयार करावी लागते, तबकड्या वारंवार बदलाव्या लागतात, आणि विवराच्या तळाशी शेवटचे उत्तर चुकले तर बाहेर फेकले जाऊन सारी उतरण पुन्हा करावी लागते. पण हे सगळे सोसूनही लोकांनी तो पुरा केला, याचाही हिशेब टीकाकाराने धरला पाहिजे.

गॅरियटला आपल्या दप्तराचे दोष दिसले होते, याचा पुरावा पुढच्या भागांत आहे, आणि माझ्या मते कर्ता म्हणून त्याची थोरवी तेथे आहे. १९८८ च्या पाचव्या भागात राजा बेपत्ता होतो आणि त्याच्या जागी ब्लॅकथॉर्न नावाचा सरदार कारभार हाती घेऊन त्याच आठ सद्गुणांचे फर्मान काढतो: खोटे बोलेल त्याची जीभ जाईल, उत्पन्नाचा निम्मा हिस्सा धर्मादाय देणार नाही त्याला उत्पन्नच राहणार नाही. सद्गुण कायद्याच्या पोटात गेले की काय होते हे दाखविण्यासाठी त्याने आपलेच शास्त्र अपराध्याच्या पिंजऱ्यात उभे केले. १९९० च्या सहाव्या भागात तर त्याहून मोठा हात घातला. ज्यांना खेळाडू भुतेखेते समजून कापत सुटतो, त्या गार्गॉयल लोकांचीही एक नीतिव्यवस्था आहे, आणि चौथ्या भागात अवताराने विवरातून मिळविलेला तो ज्ञानग्रंथ मुळात त्यांचा होता. त्यांच्या पोथ्यांत अवतार हा चोर आणि खोटा प्रेषित म्हणून नोंदलेला आहे. पाच वर्षांपूर्वी जे परमपुण्य म्हणून जमा झाले, ते दुसऱ्याच्या वहीत दरोडा म्हणून खर्ची पडले होते. असा फेरतपास आपल्याच कृतीचा करणारे लेखक कोणत्याही वाङ्मयात विरळा.

व्यवसायाने मात्र त्यापासून घ्यावयाचे तेवढेच घेतले. जपानमध्ये युजी होरी याने १९८६ साली ‘ड्रॅगन क्वेस्ट’ रचताना ‘अल्टिमा’चा वरून दिसणारा मुलूख आणि ‘विझर्ड्री’ची लढाई यांचा संगम केला, आणि त्याने पुढच्या लक्षावधी मुलांची या प्रकाराशी ओळख करून दिली, पण गुणांची वही त्याने उचलली नाही. अमेरिकेत ती उचलली गेली, पण उघडी करून: ‘फॉलआउट’मध्ये कर्माचा आकडा, ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’मध्ये उजेड-अंधाराचे गुण, प्रत्येक कृत्यासरशी पडद्यावर झळकू लागले. खेळाडू प्रसंगापूर्वी खेळ जतन करतो, दोन्ही उत्तरे देऊन पाहतो आणि बाजारभाव बरा असेल ते उत्तर ठेवतो. आंधळ्या दुकानदारणीपुढे उभे राहण्याची ती अस्वस्थता पुन्हा फारशी कोठे आढळली नाही.

ब्रिटानियाची शेवटची परीक्षा १९९७ मध्ये झाली, जेव्हा ‘अल्टिमा ऑनलाइन’ निघाले आणि हजारो जिवंत माणसे त्याच मुलखात एकदम येऊन राहिली. मंदिरे होती, सद्गुणांची नावे होती, परंतु समोरचा भिकारी आता यंत्राने रचलेला नव्हता. माणसे एकमेकांना गावाबाहेर गाठून मारू लागली, लुटू लागली. दप्तर येथेही होते: पाच खून नावावर लागले की खुन्याचे नाव लाल अक्षरांत दिसे. त्यामुळे चार करून थांबावे, नोंद जुनी होऊ द्यावी आणि मग पुन्हा हात साफ करावा, हा शहाणपणा लोकांनी लवकरच आत्मसात केला. कर्ता स्वतः राजा होऊन प्रजेला दर्शन देण्यास आला असता, एका चाचणी-खेळाडूने त्यालाही जाळून मारले, ही हकिकत तर सर्वश्रुत आहे. अखेर २००० साली कंपनीने मुलखाचीच वाटणी केली. फेलुका आणि ट्रॅमल या दोन चंद्रांची नावे देऊन एकच नकाशा दोनदा मांडला: पहिल्यात खुनाची मुभा पूर्ववत, दुसऱ्यात ती यंत्रानेच काढून घेतलेली, म्हणजे तेथे सज्जन असण्यावाचून इलाजच नाही. बहुसंख्य रयतेने बिऱ्हाड ट्रॅमलमध्ये हलविले, आणि फेलुकात राहिलेल्यांची आजही तक्रार आहे की त्या वाटणीने खेळातला जीव गेला.